मंगळवारचा डोंगर

बँकेत मंगळवारला चेहरा नसतो. सोमवारी काउंटरपुढे रांग असते, शुक्रवारी सगळ्यांना घाई असते, शनिवारी अर्ध्या दिवसाची हुशारी अंगात असायची. मंगळवारी नुसतं काम. एका राष्ट्रीयीकृत बँकेत मी ३७ वर्षं नोकरी केली, पण त्यातला एकही मंगळवार मला वेगळा काढून दाखवता येणार नाही. रविवार मात्र तारीखवार सांगेन, कारण ते वहीत आहेत.

वही म्हणजे वाण्याकडे उधारी लिहायला असते तसली, लांबट, लाल कापडी पाठीची. आत मी हाताने रकाने आखलेत. तारीख, गड, पायथ्याचं गाव, सोबत कोण, खर्च. पहिली नोंद २५-२६ डिसेंबर १९७६ची. राजगड. खर्च सात रुपये चाळीस पैसे. मी १९ वर्षांची होते. कॉलेजच्या ग्रुपमध्ये सतरा मुलगे आणि आम्ही तिघी मुली. एसटीतून मार्गासनीला उतरलो आणि साखरवरून गुंजवण्यापर्यंत चालत गेलो. चोरदरवाजाच्या आधीच्या कातळात आता रेलिंग आहे. तेव्हा खोबणीत बोटं घालायची, वरच्याच्या टाचेकडे बघायचं आणि खाली अजिबात बघायचं नाही, एवढंच शास्त्र होतं. अंगात वहिनीचा पंजाबी ड्रेस, पायात शाळेतल्या पीटीचे कॅनव्हासचे बूट. ओढणी चढताना आडवी यायला लागली म्हणून कमरेला घट्ट बांधली, ती पुढची दहा-बारा वर्षं प्रत्येक गडावर तशीच बांधली.

रात्री पद्मावतीच्या देवळात झोपलो. मुली देवीच्या बाजूला, मुलगे दाराकडे. घरी आल्यावर आईला यातलं ‘देवळात झोपलो’ एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुवेळा माचीवरच्या नेढ्यात जाऊन बसले. नेढं म्हणजे डोंगराला आरपार पडलेलं भोक. त्यातून वारा असा येतो की तोंड उघडलं तर गाल फडफडतात. तिथे बसून मनात काही थोर विचार आले असं नाही, सपाटून भूक लागली होती. पण परतीच्या एसटीत बाकीचे झोपले आणि मी मागच्या काचेतून बालेकिल्ला दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. माहेरहून निघताना बघतात तसं.

बँकेत लागले १९८० मध्ये. शनिवारी अर्धा दिवस. दुपारी काउंटर बंद झालं आणि कॅश जुळली की सुटका. माझी सॅक, जुन्या बाजारातून आणलेली लष्करी हिरवी, सकाळपासून टेबलाखाली असायची. तिच्यात तांदूळ-डाळ, दोन सेलचा टॉर्च, सतरंजी आणि हंटर शूज. साडी बदलायला लेडीज रूममध्ये पाच मिनिटं, की स्वारगेट. आम्हाला गाठायची असायची मुक्कामी गाडी. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन तिथेच रात्रभर थांबणारी आणि पहाटे परत निघणारी एसटी. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच नाहीतर देवळात पथारी टाकायचे. आम्हीही त्याच देवळात. त्या दोघांच्या डब्यातली भाकरी आणि आमची करपलेली खिचडी यांची देवाणघेवाण मी किती गावांत केली असेल, त्याचा रकाना मात्र वहीत नाही.

कॅश जुळली नाही तर मुक्कामी गाडी जायची. एकदा सात रुपये जादा आले. कमी आले असते तर मी पदरचे घालून मोकळी झाले असते. जादा पैशांचं काय करणार? हेडकॅशियर तत्त्वाचे होते. सगळी बंडलं पुन्हा मोजायला लावली. शेवटी सात रुपये सन्ड्रीला, म्हणजे हिशेब न लागलेल्या पैशांच्या खात्याला, टाकले तेव्हा बाहेर दिवे लागले होते. तोरण्याला निघालेली माझी मंडळी वेल्ह्याला पोचलीसुद्धा असतील. मी सॅक पाठीला लावून शनिवारवाड्यावरून चालत घरी आले. वहीत त्या तारखेपुढे लिहिलंय : ‘तोरणा. नाही. रु. ७ जादा.’

रविवारी संध्याकाळी परत आलंच पाहिजे, हा दुसरा नियम. सूर्य थोडा कलला की कुणीतरी घड्याळ बघायचं आणि गडावरचा सगळा वेळ एकदम परतीचा होऊन जायचा. इतकी वर्षं डोंगरावरची दुपार मी चप्पल घातलेल्या पाहुण्यासारखी काढली. बसायचं, पण उठायच्या बेतात.

माझ्या नवऱ्याला डोंगर लांबून आवडतात. लग्नाआधीच त्याने हे प्रामाणिकपणे सांगितलं होतं, मीही माझं सांगितलं होतं, आणि त्यावर आमचा संसार बरा चाललाय. सासूबाई काय म्हणतील याची धास्ती होती. त्या म्हणाल्या, “जा बाई. डोंगरावरून आलीस की चार दिवस चिडचिड करत नाहीस.” तरी मुलं लहान होती त्या १९८६ ते १९९५ या काळात वहीत फक्त ११ नोंदी आहेत आणि त्यातल्या तीन पर्वतीच्या. पर्वतीला गड म्हणून लिहिणं ही शुद्ध अफरातफर होती, मला मान्य आहे. पुढे मुलं मोठी झाली, मी ऑफिसर झाले, बदल्या झाल्या. सातारा मिळाल्यावर मी पेढे वाटले. लोकांना वाटलं प्रमोशनचे. अजिंक्यतारा, सज्जनगड, वासोटा एका दमात आवाक्यात आले होते, त्याचे होते ते.

१ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा झाला. बाकीचे शनिवार पूर्ण दिवसाचे झाले, म्हणजे अर्ध्या दिवसाची सॅक टेबलाखालून गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी नोटाबंदी आली. त्यानंतरचा पहिला शनिवार-रविवारसुद्धा काउंटरवर गेला. बाहेर रांग आणि आत मी, आणि कॅलेंडरवर त्या रविवारी पेन्सिलीने ‘ढाक’ या गडाचं नाव लिहिलेलं.

निवृत्त झाले ३० नोव्हेंबर २०१७ला. वहीत तेव्हा ११४ गड. निरोप समारंभात साहेबांनी विचारलं, आता पुढे काय? मी म्हटलं, दोनशे. त्यांना वाटलं मी वयाबद्दल बोलतेय.

नंतरच्या पहिल्या मंगळवारी, ५ डिसेंबरला, पहाटे उठून सिंहगडाची बस पकडली. ओखी वादळाने मुंबई-कोकणात भर डिसेंबरात पाऊस आणला होता आणि पुण्याचंही आभाळ दाबून भरलेलं. सिंहगडावर मी त्याआधी किती वेळा गेले असेन, पुण्याच्या माणसाने ते मोजायचं नसतं. पण सगळे रविवार. रविवारच्या बसमध्ये आपल्यासारखीच माणसं असतात. बूट घातलेली, बाटल्या लटकवलेली. त्या दिवशीच्या बसमध्ये खडकवासल्याला उतरणारे कामगार, दप्तर मांडीवर घेऊन झोपलेली दोन पोरं आणि मांडीवर रिकामी पाटी घेतलेली एक बाई. सगळे कामावर निघालेले. एकटी मीच कुठेही न निघालेली. कंडक्टरने ‘पायथा’ ऐकून माझ्याकडे आणि मग खिडकीबाहेरच्या आभाळाकडे बघितलं.

तेव्हा तो दिवस मी नुसता मजेत घालवला. त्यात काही शोध लागला असं वाटलं नाही. कारण माझं लक्ष दोनशेवर होतं. पुढच्या नऊ महिन्यांत नऊ गड केले, वार न बघता, मिळेल त्या गाडीने. वहीत त्या नोंदी एकाच शाईत, एकाच घाईत आहेत.

मग हरिश्चंद्रगड. सप्टेंबर २०१८. हा माझा सातवा. कोकणकड्यावर सकाळी लवकर जाऊन उभी राहिले. खाली कोकण पूर्ण ढगात, पाठीमागून कोवळं ऊन. आणि ढगांवर माझी सावली पडली, सावलीच्या डोक्याभोवती गोल इंद्रधनुष्य. इंद्रवज्र. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली याच कड्यावरून ते बघितल्याचं सांगतात. आधीच्या सहा खेपांत मला कधी ढग मिळाले तर ऊन नाही, ऊन मिळालं तर ढग नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीला म्हटलं, “बघ, माझ्या डोक्याभोवती!” ती म्हणाली, “तुझ्या नाही, माझ्या.” दोघींचं खरं होतं. ते वलय ज्याचं त्याला स्वतःच्याच सावलीभोवती दिसतं. साठी उलटलेल्या दोन बायका कड्यावर उभ्या राहून कुणाच्या डोक्याला तेजोवलय यावरून भांडत होत्या, आणि वाटाड्या पोरगा लांब बसून बिडी ओढत होता.

त्याच दिवशी उतरताना उजवा गुडघा गेला. नळीच्या वाटेने गेला असता तर सांगायला तरी बरं होतं. गेला पाचनईच्या वाटेवर, जिथून शाळेच्या सहली उड्या मारत जातात. घसाऱ्यावरून पाय सटकला, पडलेसुद्धा नाही, पण आतून काहीतरी करकरलं. पुढचं दीड तासाचं उतरणं मी साडेचार तासांत उतरले, निम्मं बसून.

डॉक्टर म्हणाले, गादी झिजलीय. ऑपरेशनची वेळ नाही, पण जपायला हवं. मग म्हणाले, “चढायला हरकत नाही. उतरू नका.”

“म्हणजे वरच राहू?”

ते हसले नाहीत. तरुण होते. उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, मांडीचे स्नायू मजबूत असतील तर तो भार ते उचलतात, वगैरे समजावून सांगितलं आणि पाय सरळ उचलायचे व्यायाम दिले. ते मी आजही करते, सकाळच्या बातम्या ऐकताना. टाळेबंदीत गड बंद होते तेव्हा सोसायटीचे चार जिने चढत होते. उतरताना लिफ्ट. वॉचमनला वाटायचं, आजी वरून खाली यायचं विसरतात आणि पुन्हा वर जायला निघतात.

तर दोनशेचा नाद सुटला. सुटला म्हणजे मी सोडला नाही, गुडघ्याने सोडवला. सहा महिन्यांनी पुन्हा चालायला लागले तेव्हा एकच डोंगर ठरवला, सिंहगड. एकच वाट, आतकरवाडीची. अंतर पावणेतीन किलोमीटरच्या आसपास, चढ सहाशे मीटरचा. आणि वार मंगळवार. का मंगळवार? गुरुवारी पुण्यात पाणी बंद असायची शक्यता, सोमवारी नातीची डान्स क्लासची पाळी माझ्याकडे, बुधवारी नवऱ्याचा पत्त्यांचा अड्डा आमच्या घरी. उरला मंगळवार. तो नेहमीच उरतो.

वाटेत साधारण निम्म्या चढावर एक झोपडीवजा आडोसा आहे. तिथे रविवारी जी बाई ताक आणि लिंबू सरबत विकते, तिला सगळे मावशी म्हणतात. मीही म्हणायचे. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान आहे हे मला पहिल्या मंगळवारांत कळलं, कारण रविवारी तिच्याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. ग्लासकडे बघितलं होतं. मंगळवारी ती विकत बसत नाही. मंगळवारी ती वाहते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाण्याचा कॅन, नाहीतर सरपणाचा भारा. रविवारी जे लागणार ते आडवारी थोडं थोडं वर नेऊन ठेवायचं. माझ्या हातात दोन घडीच्या काठ्या, पाठीवर दीड लिटर पाणी आणि सुकामेवा. तिच्या पायात स्लिपर. ती मला मागे टाकून गेली. पुढच्या वळणावर थांबली, माझी वाट बघत. मला जरा लाजल्यासारखं झालं.

“दर मंगळवारी येता. पगार देत्यात व्हय चढायचा?”

म्हटलं, पगार संपला. रिटायर झाले.

“म्हंजी?”

“म्हणजे काम संपलं. आता घरी बसायचं.”

“मग बसला न्हाय तुम्ही.”

याला उत्तर नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न केला की आवडतं म्हणून येते, लहानपणापासून आवड आहे. तिने ऐकून घेतलं. डोंगर आवडणं ही गोष्ट तिने नाकारली नाही. फक्त त्यासाठी बसचं तिकीट काढून यावं लागतं, याचं तिला वाईट वाटलं असावं. म्हणाली, “आमी हितंच हाय. सुटका कुटं.” आणि कॅन उचलून चालायला लागली. तिच्या कामाला साठ वर्षांची अट नाही. पेन्शनीची फाइल नाही, निरोपाचं नारळ-शाल नाही. हे मी तिला म्हणून दाखवलं नाही. मला शोभलं नसतं.

उतरायला मला तिने शिकवलं. मी काठ्या टेकत, एकेक पाऊल सरळ खाली टाकत चालले होते. मागून आवाज आला, “ताठ पाय टाकू नगा. गुडघा सैल ठिवा. वाट आडवी घ्या, सापावानी.” म्हणजे उतार सरळ कापायचा नाही, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, छोटी पावलं टाकत यायचं. सहाशे मीटर उतरायला मला रविवारच्या काळात पाऊण तास लागायचा, उड्या मारत. आता दोन तास लागतात. सगळं आयुष्य मी चढाच्या वेळा लिहिल्या. कुठल्या गडाला किती वेळात पोचलो ते वहीच्या समासात सापडेल. उतरायला किती लागला, एकदाही लिहिलेलं नाही. तो वेळ एसटीचा होता.

दोन तासांच्या उतरणीत काय काय दिसतं! जूनमध्ये कस्तूर शीळ घालायला लागतो. एखाद्या रिकामटेकड्या पोराने सूर शोधत शीळ घालावी तशी, मधेच सोडून दिलेली. एप्रिलच्या उन्हात झाडीतून पांढऱ्या रिबिनीसारखी शेपटी ओढत स्वर्गीय नर्तक जातो. ऑगस्ट-सप्टेंबरात सोनकी उतारभर पिवळी होते, तिच्यात तेरड्याचा गुलाबी. हे रविवारीही असतं, अर्थात. पण रविवारी कस्तूर ब्लूटूथ स्पीकरपुढे हरतो. (स्पीकर घेऊन गडावर येणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.) कारवीचं मात्र मला अजून हळहळायला होतं. ती सात वर्षांतून एकदाच फुलते. इतक्या वर्षांत पाच-सहा फुलोरे तरी माझ्या वाटणीला यायला हवे होते. वहीत दोनच. बाकीच्या वेळी मी कुठेतरी बँकेच्या हिशेबांच्या क्लोजिंगमध्ये होते.

आणि माणसं. रविवारी डोंगर आपल्यासाठी सजवलेला असतो, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, कणसं, कांदाभजी. मंगळवारी तो आपल्या कामात असतो. फेब्रुवारीत वनखात्याचे मजूर जाळरेषा काढताना दिसले. वणवा पसरू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच मुद्दाम जाळून ठेवतात. मी इतकी वर्षं त्या काळ्या पट्ट्यांना वणवा समजून हळहळत होते. दिवाळीनंतर गवत कापणाऱ्या बायका भारे बांधून उतरतात. एवढा मोठा भारा की खाली फक्त दोन पाय दिसतात आणि भारा आपणहून चालल्यासारखा वाटतो. पुणे दरवाज्यात एक गवंडी चुन्याचा गिलावा ओला करत बसला होता. त्याला विचारलं, किती दिवस चालेल? म्हणाला, “पावसाला माहीत.” देवटाक्यावर भांडी भरणारी पोरं, शाळेला दांडी मारलेली. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे ज्या कड्यावरून वर आले म्हणतात, त्याच्या बाजूला एक म्हातारा शेळ्या राखत बसतो. मी त्याला एकदा तानाजीबद्दल विचारलं. त्याने आधी शेळी हाकली, मग म्हणाला, “रातच्याला आलं, म्हून जमलं. दिवसा आमी बघितलं असतं ना.”

मी त्या डोंगरावर चाळीस वर्षं जात होते आणि आठवड्याचे सहा दिवस तिथे काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं. बँकेत एखाद्याने फक्त रविवारी येऊन बंद शटर बघावं आणि म्हणावं, मला बँक चांगली माहीत आहे, तसलाच प्रकार.

एकच डोंगर म्हटलं खरं, पण एक अपवाद केला. डिसेंबर २०२३ मध्ये कळसूबाई. तेव्हा मी ६६ची. पुण्याहून राजूरच्या बाजूला जाणाऱ्या एसटीत बसले आणि कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं, ज्येष्ठ नागरिक, अर्धं तिकीट. तो म्हणाला, दाखवू नका, बायकांना तसंही मार्चपासून अर्धंच आहे. मी म्हटलं, मग एक अर्धं म्हातारपणाचं, एक अर्धं बाईपणाचं, दोन मिळून फुकट का नाही? आख्खी एसटी हसली. कंडक्टर मशीनमधून तिकीट फाडत म्हणाला, “पंच्याहत्तर पूर्ण करा, मग फुकट. सरकारने तीही सोय केलीय.” नऊ वर्षं राहिली. लक्षात ठेवलंय.

बारी गावात एका घरी मुक्काम केला. नागलीची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. घरातल्या आजींनी कळसूची गोष्ट सांगितली. ती मी आधी वाचली होती, पण चुलीपुढे ऐकणं वेगळं. कळसू ही कोळ्याची पोर. तिला रानात भटकायची हौस. एकदा पायथ्याच्या इंदोर गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. अट एकच, भांडी घासायला आणि केर काढायला सांगायचं नाही. बरेच दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरात पाहुणे आले आणि कुणीतरी सांगितलंच. तिने भांडी घासली, केर काढला आणि मुकाट्याने डोंगरावर चालती झाली. ती मरेपर्यंत वरच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ. केर टाकला तो काळदरा. आजी म्हणाल्या, “भांडली नाही, काही नाही. काम केलं अन् गेली.” मी म्हटलं, आजी, हिचंही रिटायरमेंटच झालं म्हणायचं. आजींना शब्द कळला नाही पण त्या हसल्या. शेजारी त्यांची सून परातीत आमची भांडी घासत होती. ती हसली नाही.

दुसरा दिवस मंगळवार होता. मी मुद्दाम तसा धरला होता. मंगळवारी आणि गुरुवारी पुजारी देवीच्या पूजेला वर जातो असं कळलं होतं. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक, आणि मी पोचले साडेचार तासांत. लोखंडी शिड्यांवर पाय थरथरले. भीतीने नाही, मांडीच्या स्नायूंनी तेवढंच कर्ज मंजूर केलं होतं. पुजारी मला दोनदा ओलांडून गेला, एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. वर मी आणि देवी आणि खूप वारा. देऊळ एवढंसं, चार माणसं मावतील न मावतील. मी आत बसले आणि दुपार होऊ दिली. घड्याळ सॅकमध्ये होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखाद्या शिखरावरून निघायची वेळ मी ठरवली नाही, थंडी वाजायला लागली तेव्हा उठले. उतरायला सहा तास. वाट आडवी घेत, सापावानी. शेवटचा टप्पा टॉर्चमध्ये. बारीतली सून पायथ्याच्या ओढ्यापर्यंत बघायला आली होती.

२०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. राजगड त्यात आहे, माझा वहीतला पहिला. पेपर घेऊनच पुढच्या मंगळवारी आतकरवाडीला गेले. मावशीला यादी वाचून दाखवली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तिकडे तमिळनाडूत जिंजी. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

“आपला न्हाय?”

“आपला नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “हाय ती गर्दीच आवरंना.” मग थोडं चालून गेल्यावर वळून, “पर घ्याया पायजे हुता.”

वहीत आता गडाचा आकडा वाढत नाही. ११४ अधिक घाईचे नऊ, तिथेच थांबलाय. कळसूबाई गड नाही. मंगळवार मात्र लिहिते. ‘सोबत कोण’ या रकान्यात बराच काळ रेघ असायची, हल्ली ‘मावशी, आडोशापर्यंत’ असं असतं. ‘खर्च’ या रकान्यात फक्त बस. कारण मंगळवारी ती ताकाचे पैसे घेत नाही, आणि मी सुकामेव्याचा डबा तिच्यापुढे उघडून धरते. बदाम ती पदराला बांधून नातवाला नेते.

मागच्या महिन्यात नातीने हट्ट धरला, मलाही गड दाखव. तिला सुट्टी रविवारची. किती तरी वर्षांनी मी रविवारच्या वाटेला लागले. गाड्यांची रांग खाली वाहनतळापासूनच. वाटेवर पुढच्याच्या पाठीला नाक लागेल अशी गर्दी, सेल्फी, स्पीकर, हरहर महादेव. नात खूश. निम्म्या चढावर मावशीच्या आडोशापुढे बारा-पंधरा जण हात पुढे करून उभे. ती खाली मान घालून ग्लास भरत होती, पैसे घेत होती, सुट्टे परत करत होती. एका हाताने हे, एका हाताने ते. कुणाच्या तोंडाकडे बघायला तिला वेळ नव्हता. मीही हात पुढे केला. दोन ग्लास आले, मी पैसे ठेवले, तिने उचलले. नातीने एका दमात पिऊन ग्लास परत दिला, तेव्हा मावशीने त्या लहान हाताकडे बघितलं, मग वर बघितलं.

“अगं बया! तुमी?” तिने कपाळावर हात मारला. “आज वाट चुकला का वार?”